फोम शीटचा नाकतोडा : ट्राऊट माशाला फसवणारं हे आमिष कसं बनवतात आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी २ नंतर ते गुंडाळून का ठेवावं लागतं?

शाळेच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही कधीतरी स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत फोम शीट आणली असेल. कात्रीनं फुलं कापायची, चार्टवर चिकटवायची आणि उरलेला तुकडा कपाटात टाकायचा, एवढंच आपल्याला त्याचं काम माहिती.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लोक अशाच फोमची अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापतात, गळावर दोऱ्यानं बांधतात, तिला रबराचे पाय लावतात आणि नदीत सोडतात. खालून ट्राऊट मासा येतो आणि खरा किडा समजून ती तोंडात घेतो.

या आमिषाला म्हणतात फोम हॉपर. हॉपर म्हणजे ग्रासहॉपर, आपला नाकतोडा. बनवायला सोपा, स्वस्त आणि नवशिक्यालाही जमणारा. हात बसला की १०-१५ मिनिटांत एक तयार होतो.

पण यात एक पेच आहे. ज्या कडक उन्हाच्या दुपारी हे आमिष सगळ्यात भारी चालतं, त्याच दुपारी गळाला लागलेला मासा मरण्याची भीतीही सगळ्यात जास्त असते. म्हणून हॉपर कसा बांधायचा हे शिकताना तो कधी वापरायचा नाही, हेही शिकावं लागतं.

सुरुवातीपासून बघू.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये खाण्याची खरी वस्तू नसतेच. पिसं, केस, दोरा, फोम असं काहीबाही गळावर बांधून किड्याचा नुसता आकार केलेला असतो. त्याला म्हणतात फ्लाय. शब्दशः माशी. म्हणजे मासा पकडायला माशी.

आता ही माशी इतकी हलकी की हातानं फेकली तर दोन फुटांवर पडेल. मग ती नदीच्या मध्यापर्यंत जाते कशी? इथे वजन आमिषाला नसतं, दोरीला असतं. जाडसर, वजनदार दोरी लवचीक काठीनं मागे-पुढे झुलवतात आणि त्या झोकात फ्लाय पुढे जाऊन पडते. काठीवर दोरी हवेत वळणं घेतेय, असं दृश्य तुम्ही रॉबर्ट रेडफर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या १९९२ च्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या चित्रपटात पाहिलं असेल. ब्रॅड पिट त्यात होता आणि गोष्ट मोंटानातलीच होती.

माशाला पाण्यात नाकतोडा मिळतो कुठून?

नाकतोडा पाण्यातला किडा नाही. तो पाण्यात पडतो तो अपघातानं. आणि हा अपघात वर्षातल्या ठरावीक दिवसांतच मोठ्या संख्येनं होतो.

नाकतोड्याच्या बहुतेक जातींची मादी उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात मातीत अंडी घालते. थंडी अंड्यातच निघून जाते. वसंतात पिल्लं बाहेर येतात, पण त्यांना पूर्ण वाढलेले पंख नसतात. पाच-सहा वेळा कात टाकली की मग उडता येईल असे पंख मिळतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात हे होईपर्यंत जुलैचा मध्य उजाडतो. तिथून सप्टेंबरपर्यंत, पहिलं कडक हिव पडेपर्यंत, हॉपरचा हंगाम.

दिवसाचीही वेळ ठरलेली. नाकतोडा थंड रक्ताचा. पहाटेच्या गारव्यात तो गवताला चिकटून बसलेला असतो. ऊन चढलं, साधारण १०-११ वाजले की उड्या सुरू. दुपारी वारा सुटला की उडणारा नाकतोडा भरकटतो आणि काठावरून थेट पाण्यात. काठाला गवताळ कुरण असेल आणि तिथे गवताची कापणी चालू असेल, तर आणखीच.

माशाच्या बाजूनं विचार करा. एरवी तो तांदळाच्या दाण्याएवढे किडे टिपत असतो. त्यात अचानक अडीच-तीन सेंटिमीटरचा, पाय झाडणारा घास वरून पडतो. असा घास सोडणं माशाला परवडत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नाकतोडा आणि टोळ हे एकाच घराण्यातले. नाकतोड्यांच्या काही जाती गर्दी झाली की रंग-वागणूक बदलतात आणि थव्यानं उडतात. त्यांना आपण टोळ म्हणतो. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरच्या शेतकऱ्यांनी डबे वाजवून हाकलले ते हेच. मोंटानाच्या प्रदेशातही कधीकाळी 'रॉकी माउंटन' टोळांचे अवाढव्य थवे यायचे. १८७५ चा थवा तर जगातल्या सगळ्यात मोठ्या थव्यांमध्ये गणला जातो. त्यानंतर अवघ्या २७ वर्षांनी, १९०२ मध्ये, ही जात शेवटची जिवंत दिसली. आज तिथल्या नद्यांत पडतात ते बाकीच्या जातींचे, थवे न करणारे नाकतोडे.

फोमच का?

नाकतोड्याची नक्कल फोमच्या आधीपासून होत आली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लेटॉर्ट या झऱ्याच्या नावानं 'लेटॉर्ट हॉपर' प्रसिद्ध झाला. डेव्ह व्हिटलॉक यांचा 'डेव्ज हॉपर' तर घरोघरी पोचला. त्याचं डोकं हरणाच्या केसांचं आणि पंख टर्कीच्या पिसाचे. दिसायला देखणा.

अडचण दोन होत्या. एक, हरणाचे केस गळावर घट्ट गुंडाळून त्यांना कातरून डोक्याचा आकार द्यायला हात तयार असावा लागतो. दोन, थोड्या वेळानं तो भिजून जड होतो आणि बुडायला लागतो.

फोमनं दोन्ही प्रश्न सोडवले. या फोमच्या आत हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असतात. ते एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे पाणी आत शिरत नाही. बऱ्याच चपलांचे तळवे ज्या ईव्हीए प्लास्टिकचे असतात, तेच हे. (भांडी घासायच्या स्पंजमध्ये कप्पे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून तो पाणी पितो. तो इथे चालत नाही.)

युटा राज्यातल्या ग्रीन नदीवर फोमची एक काळी, ओबडधोबड, लांब पायांची फ्लाय लोकप्रिय झाली. १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातावरून तिला नाव पडलं 'चेर्नोबिल अँट'. नावाला मुंगी, पण अशी मुंगी कुणी पाहिलेली नाही. तरी मासे तिच्यावर तुटून पडले. पुढे फोमचे कितीतरी प्रकार आले.

यातून एक धडा मिळाला. मासा नाकतोडा बघतो तो खालून, उजेडाच्या विरुद्ध आणि वाहत्या पाण्यातून. त्याला दिसते ती सावलीसारखी आकृती, पोटाचा फिका रंग आणि हलणारे पाय. डोळ्यांचे ठिपके आणि पंखांवरची नक्षी आपल्या समाधानासाठी असते.

साधा फोम हॉपर कसा बांधायचा?

लागणारं सामान :

• लांब दांडीचा गळ, ८ किंवा १० नंबर. (गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान.)
• २ मिलिमीटर जाडीची फोम शीट. पिवळी, बदामी किंवा फिकी हिरवी.
• मजबूत पिवळा दोरा.
• पंखांसाठी हरणाचे केस किंवा पॉलिस्टरचा झुपका. आपल्याकडे हरणाचे केस विसरा, वन्यजीव कायद्यात अडकाल. पॉलिस्टर छान चालतं.
• पायांसाठी बारीक रबरी धागा.
• भडक केशरी किंवा गुलाबी फोमचा चिमुकला तुकडा.
• झटपट चिकटणारा गोंद, धारदार कात्री आणि गळ धरून ठेवायला छोटा व्हाइस.

आता कृती.

१. गळ तयार करा. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो पकडीनं दाबून सपाट करा. का, ते पुढे येईलच. गळ व्हाइसमध्ये पकडा आणि दांडीवर दोऱ्याचा पातळ थर गुंडाळा. गुळगुळीत लोखंडावर फोम गरगर फिरतो. दोऱ्याचा थर असला की तो जागेवर बसतो.

२. पट्टी कापा. साधारण ५ मिलिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब. एक टोक गोल करा. ही नाकतोड्याची शेपटीकडची बाजू.

३. मागून सुरुवात करा. दांडीवर गोंदाचा एक थेंब लावा. पट्टी दांडीवर अशी ठेवा की गोल टोक गळाच्या बाकाच्या मागे ४-५ मिलिमीटर बाहेर राहील. बाक सुरू होतो तिथे दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन बांधा.

४. पोटाचे वळे पाडा. पट्टी वर उचला, दोरा नुसत्या दांडीवरून ४ मिलिमीटर पुढे न्या, पट्टी खाली दाबा आणि पुन्हा तीन वेढे. असं दोन-तीनदा करा. नाकतोड्याच्या पोटावर असतात तसे वळे आपोआप तयार होतात. शेवटची गाठ पुढून एक चतुर्थांश अंतरावर यायला हवी. ही झाली मान.

५. पंख. मानेवर पॉलिस्टरचा झुपका बांधा. लांबी शेपटीपर्यंत. पुढे आलेली टोकं आखूड कापा.

६. डोकं. दोरा गळाच्या नेढ्याच्या मागे न्या. उरलेली पट्टी पुढे ओढून तिथे बांधा. मग दोरा फोमवरून गुंडाळत परत मानेशी आणा. आता पट्टी उलटी, मागच्या बाजूला दुमडा आणि मानेवर बांधून टाका. फुगीर, बोथट डोकं तयार. जास्तीची पट्टी कापा.

७. पाय. मानेच्या दोन्ही बाजूंना रबरी धागा बांधा. हौस असेल तर धाग्याला मध्ये एक गाठ मारा, नाकतोड्याच्या मागच्या पायाचा गुडघा दिसतो. नसेल तर साधा धागाही पाण्यात तितकाच थरथरतो.

८. वरचा भडक ठिपका. केशरी तुकडा मानेवर बांधा. हा माशासाठी नाही, तुमच्यासाठी. वीस-पंचवीस फुटांवर चमकत्या पाण्यात बदामी फोम दिसत नाही, केशरी दिसतो. तो वरच्या बाजूला असल्यामुळे माशाच्या नजरेत फारसा येत नाही.

९. मानेवर गाठ मारून दोरा कापा, गाठीवर गोंदाचा थेंब टाका. झालं.

नवशिक्यांच्या तीन चुका

पहिली, दोरा जोरात ओढणं. फोम मऊ असतो, ताणलेला दोरा त्याला चिरत जातो. पहिला वेढा सैल, दुसरा थोडा घट्ट, तिसरा पूर्ण घट्ट, असा जोर वाढवत न्या.

दुसरी, पट्टी फार रुंद कापणं. मग फोम खाली येऊन गळाचं टोक आणि दांडी यांच्यामधली जागा भरून टाकतो. मासा तोंडात घेतो, पण गळ लागत नाही.

तिसरी, नेढ्यावर फोम किंवा गोंद येऊ देणं. नदीवर पोचल्यावर दोरा ओवता येत नाही, तेव्हा ही चूक कळते.

नदीत टाकायचा कसा?

फ्लाय फिशिंग शिकवताना एक वाक्य सतत ऐकवतात : फ्लाय अलगद पडली पाहिजे. हॉपर हा या नियमाला अपवाद. खरा नाकतोडा कापसासारखा उतरत नाही, 'पच्' करून पडतो. त्यामुळे तुमचाही तसा पडला तर चांगलंच. माशाचं लक्ष त्या आवाजानं वेधलं जातं.

जागा मात्र अचूक हवी. नाकतोडे पडतात काठाजवळ, म्हणून मासेही तिथेच दबा धरून असतात. पाण्यानं खालून माती कापून नेल्यामुळे गवताचा काठ छज्जासारखा पुढे आलेला असतो, त्याच्या सावलीत. काठापासून एका फुटाच्या आत फेकायचा. तीन फुटांवर पडला तर बऱ्याचदा काहीच होत नाही.

त्यानंतरचं काम म्हणजे त्याला पाण्याबरोबर वाहू देणं. पण नदीच्या मध्यात धार जोरात असते आणि काठाशी संथ. मधली धार दोरी पुढे ओढते, दोरी हॉपरला खेचते आणि मोटारबोटीसारखी लाट उमटते. असा पळणारा नाकतोडा बघून मासा बिचकतो. म्हणून दोरी पाण्यावर पडल्याबरोबर ती काठीनं उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकतात. मग हॉपरला थोडा वेळ मोकळं वाहता येतं. मधूनच काठीचं टोक हलवून एक हलका झटका द्या. पाय थरथरतात. एवढंच, सारखं नाही.

काठीला ५ किंवा ६ वजनाची दोरी आणि तिच्या टोकाला साडेसात ते नऊ फुटांचा निमुळता नायलॉन धागा पुरतो. फार बारीक धागा नको. हॉपर फुगीर असतो, हवेत भोवरा घेतो आणि बारीक धाग्याला पीळ पडतो.

मासा आला की घाई करू नका. मोठा ट्राऊट हॉपरकडे सावकाश येतो, तोंड उघडतो आणि खाली वळतो. तो वळल्यावर काठी उचलायची. तोंड उघडलेलं असतानाच उचलली, तर तुम्ही त्याच्या तोंडातून घास काढून घेता.

आणखी एक युक्ती. हॉपरच्या गळाच्या बाकाला दीड-दोन फूट धागा बांधून खाली एक छोटी बुडणारी फ्लाय लटकवतात. वरचा घ्यायचा नसेल तर मासा खालची घेतो आणि तेव्हा वरचा हॉपर तरंगाचं काम करतो. याला म्हणतात हॉपर-ड्रॉपर. फोम न बुडता वजन पेलतो, म्हणून हे जमतं.

आता तो दुपारी २ चा प्रश्न

ट्राऊट थंड पाण्यातला मासा. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस त्याला मानवतं. २० च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो.

कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २२ अंशाला ८.७. आणि तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. अशा वेळी गळाला लागून पाच मिनिटं झुंजलेला मासा म्हणजे कोंदट खोलीत शंभर मीटर धावायला लावलेला माणूस. तुम्ही त्याला प्रेमानं सोडता, तो पोहत जातो, तुम्हाला बरं वाटतं. थोड्या वेळानं तो खालच्या वळणावर मरतो आणि ते तुम्हाला दिसतही नाही.

म्हणून मोंटानात एक नियम आहे. नदीचं तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २२.८ अंश सेल्सिअसला पोचलं, तर त्या पट्ट्यात दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. याला म्हणतात 'हूट आउल' निर्बंध. हूट आउल म्हणजे घुत्कारणारं घुबड. हे नाव आलं लाकूडतोड्यांकडून. कोरड्या उन्हाळ्यात जंगलाला आग लागू नये म्हणून ते घुबडं घुमत असतानाच, अगदी पहाटे कामाला लागायचे.

मध्यरात्रीपर्यंत का? सूर्य मावळला तरी पाणी लगेच निवत नाही. सगळ्यात गार ते पहाटे असतं.

२०२१ च्या जुलैमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानानंही आपल्या नद्यांवर दुपारी २ ते सूर्योदय अशी बंदी घातली होती. त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये यलोस्टोन नदीत मूत्रपिंडाच्या रोगानं हजारो व्हाइटफिश मेले आणि मोंटाना सरकारनं नदीचा १८३ मैलांचा, म्हणजे जवळपास २९५ किलोमीटरचा पट्टा सगळ्यांसाठीच बंद केला. रोग परजीवीचा होता, पण आटलेलं आणि तापलेलं पाणी त्याच्या पथ्यावर पडलं.

आता दोन घड्याळं शेजारी ठेवून बघा. नाकतोडा उड्या मारायला लागतो १०-११ वाजता. नदी बंद होते २ वाजता. म्हणजे कडक उन्हाळ्यात हॉपरवाल्याच्या हातात उरतात जेमतेम तीन-चार तास. आणि उन्हाळे जितके तापत जातील, तितकी ही फट आणखी अरुंद होणार.

मग करायचं काय?

• खिशात पाण्याचा थर्मामीटर ठेवा. २० अंश दिसले की काठी गुंडाळा, बंदीची वाट बघू नका.
• उलटा काटा दाबलेलाच गळ वापरा. मासा पटकन सुटतो. यलोस्टोन उद्यानात तर तो नियमच आहे.
• मासा पाण्यातच ठेवून सोडवा. फोटो काढायचा तर हात ओले करा आणि क्षणभरच बाहेर काढा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.
• फोमचे कापलेले तुकडे काठावर टाकू नका. जे बुडत नाही म्हणून आपण निवडलं, ते कुजतही नाही.

भारतात हे करता येतं का?

महाराष्ट्रातल्या नद्या ट्राऊटसाठी फार गरम. पण इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत ट्राऊट आणून सोडले, पुढे हिमाचलातही. तीर्थन खोऱ्यात आज लोक फ्लाय फिशिंगसाठी मुद्दाम जातात. दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नियम जागेप्रमाणे बदलतात, त्यामुळे जाण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि प्रवास जमत नसेल तरी कपाटातला तो फोमचा तुकडा काढून एक हॉपर बांधून बघायला हरकत नाही. बादलीत टाका. वाकडातिकडा झाला असेल, पण तरंगेल. जमला आणि कधी नदीवर घेऊन गेलात, तर सोबत थर्मामीटरही न्या.